दहा दिवस फोन कोण उचलणार?

आमच्या संस्थेच्या मासिक बैठकीत शेवटी येतात ते 'आयत्या वेळचे विषय'. तोवर चहा होऊन गेलेला असतो, निम्म्या लोकांचं लक्ष शेवटच्या एसटीकडे असतं आणि इतिवृत्त लिहिणारा, म्हणजे मी, पेनाला टोपण लावून बसलेला असतो. गेल्या पावसाळ्यात अशाच वेळी आमच्या एक ताई म्हणाल्या, "मला विपश्यनेच्या शिबिराला जायचंय. दहा दिवसांचं म्हणतात, जाऊन-येऊन बारा होतात. रजा हवी." ताई अठरा वर्षं कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस बघतात. तालुक्यातल्या कितीतरी बायकांनी त्यांचा नंबर रेशनकार्डाच्या पिशवीत, पोराच्या वहीच्या मागच्या पानावर, किंवा मोबाइलमध्ये 'पार्लर' अशा नावाने जपून ठेवलेला आहे. अठरा वर्षांत त्यांनी इतकी सलग रजा पहिल्यांदाच मागितली होती. त्यावर पाऊण तास वाद झाला, आणि तो इतका वाईट झाला की अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

एक ज्येष्ठ म्हणाले, "बायका मार खातायत आणि आपण डोळे मिटून श्वास मोजायचा? सावित्रीबाईंनी घेतली होती का रजा?" त्यावर नुकताच समाजकार्याची पदवी घेऊन आलेला एक पोरगा म्हणाला, "सर, विमानातसुद्धा आधी स्वतःला मास्क लावा म्हणतात." त्या खोलीत विमानात बसलेला तो एकटाच होता, त्यामुळे दाखला वाया गेला. मग एकाने बाबासाहेबांचं नाव काढलं, दुसऱ्याने गांधीजींच्या सोमवारच्या मौनाचं. कुणी म्हणालं हा पळपुटेपणा आहे, कुणी म्हणालं आधी आतली शांती, मग बाहेरची क्रांती. पाऊण तासात एकानेही विचारलं नाही, की ताई बारा दिवस नसतील तेव्हा त्यांचा फोन कोण उचलणार?

माझं म्हणणं या न विचारलेल्या प्रश्नापाशीच सुरू होतं. अन्यायाविरुद्ध काम करणाऱ्या माणसाने मधूनमधून काम खाली ठेवून एकांतात जाणं मला आवश्यक वाटतं. चैन तर ती नव्हेच. पण तो एकांत जोवर त्या माणसाची खासगी बाब राहतो, म्हणजे ज्याला जमेल त्याने जावं आणि ज्याला जमणार नाही त्याने झिजावं, तोवर त्याच्यावर घेतलेले बहुतेक आक्षेप खरे ठरतात. एकांताची सोय संघटनेने करायची असते. ती कामाच्या वेळापत्रकात असावी लागते, आणि जाणाऱ्याचं ओझं कोण उचलणार हे जाण्याआधी ठरलेलं असावं लागतं. डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत, श्वास बघावा की नामस्मरण करावं की नुसतं नदीकाठी बसावं, हा त्यानंतरचा आणि बराच किरकोळ प्रश्न.

आधी आक्षेपांकडे येतो, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आणि सगळ्यात वजनदार असा: कार्यकर्ता थकतो तो मन कमकुवत आहे म्हणून नव्हे, तर मानधन तीन-तीन महिने उशिरा येतं, एका माणसावर चार माणसांचं काम असतं, पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवून घ्यायलाही दोन तास बसावं लागतं आणि कोर्टात तारखेवर तारीख पडते म्हणून. अशा माणसाला ध्यानाला पाठवणं म्हणजे गळक्या छताखाली राहणाऱ्याला पोहायला शिकवणं. निधी देणाऱ्यांना हे सोयीचं असतं. पगार वाढवण्यापेक्षा 'मनःस्वास्थ्य कार्यशाळा' स्वस्त पडते, आणि फोटोही चांगले येतात. हे मला पूर्ण मान्य आहे. 'बर्नआउट' हा शब्द आज कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागातून ऐकू येतो, पण तो अभ्यासात आणला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ साली, आणि त्याने तो पाहिला होता न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात. दिवसभराचं आपलं काम उरकून रात्री तिथे राबणाऱ्या स्वयंसेवकांत पाहिला, आणि स्वतःतही. म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांचंच हे दुखणं. त्याचं औषध निव्वळ आत बघण्यात असतं, तर भाकऱ्यांचा ढीग कुणी वाढवला हे विचारायलाच नको होतं.

पण मग याच युक्तिवादाला पुढे एक पाऊल टाकायला लावलं पाहिजे. मानधनासाठी भांडायचं कुणी? कामाची वाटणी बदला, असं अध्यक्षांना तोंडावर सांगायचं कुणी? ज्या बाईला रात्री साडेअकराला झोपेतून उठून कुणाला तरी शेजारणीकडे जाऊन थांब म्हणून सांगायचं असतं, तिच्या अंगात सकाळी संस्थेशी भांडायचं त्राण उरतं का? थकलेला माणूस बंड करत नाही. तो गप्प होतो, किंवा शेजारच्यावर खेकसतो, किंवा एक दिवस येईनासा होतो आणि आपण म्हणतो, 'टिकला नाही'. आपल्या चळवळींच्या इतिहासात फुटींची यादी मोठी आहे, आणि प्रत्येक फुटीला आपण वैचारिक मतभेद असं भारदस्त नाव दिलेलं आहे. त्यातल्या काही निव्वळ झोप न मिळाल्यामुळे झाल्या असाव्यात, असा माझा जुना संशय आहे.

दुसरा आक्षेप आंबेडकरी चळवळीतून येतो आणि तो महाराष्ट्रात फार जवळचा आहे. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले, १९७६ साली इगतपुरीला त्यांचं धम्मगिरी केंद्र उभं राहिलं, आणि आज राज्य सरकारसुद्धा आपल्या अधिकाऱ्यांना विपश्यनेसाठी रजा देतं. (आमच्या ताईंना ती मिळवायला पाऊण तास लागला, हे जाता जाता.) पण ज्यांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर धम्म घेतला त्यांची लेकरं-नातवंडं विचारतात: बाबासाहेबांनी धम्म दिला तो जात मोडायला की पाठ ताठ ठेवून बसायला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला खुद्द बाबासाहेबांचा आधार आहे. बुद्धावरच्या आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी विचारलंय, की भिक्खू कशासाठी निर्माण केला, परिपूर्ण माणूस घडवायला की समाजसेवक? नुसता परिपूर्ण असेल तर तो स्वार्थी आहे आणि त्याचा धम्माला उपयोग नाही, इतकं सडेतोड त्यांनी म्हटलंय. यानंतर 'आधी स्वतःला बदला, मग जग बदलेल' असं म्हणणाऱ्याला काय उत्तर उरतं? काहीच नाही, आणि उरूही नये. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जे हजारो लोक ओंजळ घेऊन उतरले, त्यांना कुणी आधी मन शुद्ध करून या म्हणालं नव्हतं. तळं अशुद्ध झालं म्हणणारे दुसऱ्या बाजूला होते.

तरीही त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे आणि ती वादात कुणी काढत नाही. सिद्धार्थ घर सोडून का गेला? म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसला म्हणून, ही आपण शाळेत ऐकलेली कथा बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर प्रेत पाहिलंच नसेल, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांनी मांडलं ते असं: शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होतं, शाक्यांनी युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने शाक्यांच्या संघात विरोध केला, बहुमतापुढे हरला, आणि त्यापायी तो बाहेर पडला. म्हणजे बाबासाहेबांच्या बुद्धाचा एकांत सुरू होतो तो पाणीवाटपाच्या राजकारणातल्या पराभवातून. पुढे त्याच्या कानावर येतं की युद्ध टळलं, तेव्हा तो स्वतःला विचारतो, की मग मी परत जाऊ का? आणि त्याला उमगतं की भांडणाचं मूळ त्या एका नदीपेक्षा खोल आहे, ते सापडल्याशिवाय परत जाण्यात अर्थ नाही. ज्याला हा प्रसंग ठाऊक आहे त्याला 'एकांत म्हणजे पलायन' हे वाक्य इतक्या सहज उच्चारता येऊ नये. बाबासाहेबांचा आक्षेप बसण्याला नव्हता. कुणासाठी न उठण्याला होता.

आणि बुद्धाच्या भिक्खूसंघाची तर याबाबत एक रोकडी व्यवस्थाच होती. वर्षाचे बरेच महिने भिक्खू चालत असत, बहुजनांच्या हितासाठी. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबत. वर्षावासाचा हा नियम का झाला, त्याची विनयपिटकातली कथा मला आवडते: पावसात भटकणारे भिक्खू कोवळी हिरवळ आणि किडामुंगी तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली. थांबण्याचा नियम आला तो लोकांच्या रागातून! कार्ल्या-कान्हेरीपासून अजिंठ्यापर्यंत आपल्या डोंगरांत लेणी कोरली गेली त्यामागे ही पावसाळ्याच्या निवाऱ्याची गरजही आहे. आणि थांबलेल्यांना जेवू घालायचं काम गावाचं होतं, उघडपणे आणि ठरल्याप्रमाणे. आजही वर्षावासात आपल्या कितीतरी वस्त्यांतल्या विहारांत संध्याकाळी बाबासाहेबांच्या त्या ग्रंथाचं वाचन चालतं. दिवसभर धुणीभांडी करून आलेल्या बाया मांडी घालून बसतात, कुणाचं पोर मांडीवर झोपतं, एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. तासाभराने उठून घरी जाऊन भाकरी टाकतात. इगतपुरीला जायला ज्यांना कधीच जमणार नाही, त्यांनी एकांत आपल्या गल्लीत आणून ठेवलाय, आणि तोही सगळ्यांत मिळून. हे ज्यांना दिसत नाही ते 'ध्यान विरुद्ध चळवळ' असा सामना लावून टाळ्या पिटत बसतात.

आता सगळ्यात अवघड उदाहरण, आणि ते माझ्या बाजूच्या लोकांना टाळायला आवडतं. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ ला पवनारला वर्षभराचं मौन धरलं. सहा महिन्यांनी, २५ जूनच्या रात्री, आणीबाणी आली. जयप्रकाश तुरुंगात गेले, हजारो कार्यकर्ते गेले, सर्वोदयातलेही गेले. आणि देश ज्याच्याकडे बघत होता तो माणूस गप्प. त्या मौनातूनही बाहेर आले ते 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द, आणि सरकारने ते भिंतीभिंतीवर लावले. विनोबांना त्यातून वेगळं म्हणायचं होतं, असं त्यांचे अनुयायी पुढे सांगत राहिले. असेलही. पण ज्याच्या गप्प राहण्याचा अर्थ सरकारने लावायचा, त्याचं मौन त्याच्या मालकीचं उरलं का? व्रत घेतलं तेव्हा ते शुद्ध होतं, यात मला शंका नाही. पण घर पेटल्यावरही जे मोडता येत नाही, त्या व्रताला मी आध्यात्मिक बळ म्हणणार नाही. म्हणून माझी पहिली अट ही, की एकांताला मुदत हवी आणि मुदतीआधी मोडायची परवानगीही हवी.

त्याच १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. आयुष्यभर एशियाटिक ग्रंथालयात पुस्तकांत डोकं घालून बसलेली, कुठल्याही पक्षात नसलेली, गर्दीत न रमणारी बाई. मांडवात त्याच सरकारातले मंत्री यशवंतराव चव्हाण बसलेले. दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला लावली, आणि आणीबाणीविरुद्ध बोलत राहिल्या. पुढे तुरुंगातही गेल्या. एकांताने माणूस मवाळ होतो हा सिद्धान्त विनोबांवरून काढायचा तर दुर्गाबाईंचं काय करायचं?

मवाळ होण्याच्या भीतीवर अमेरिकेतून एक उत्तर आहे. नोव्हेंबर १९६४. केंटकीच्या गेथसेमनी मठात थॉमस मर्टन या साधूने तेरा-चौदा जणांना तीन दिवस बोलावलं. विषय होता, आपल्या विरोधाची आध्यात्मिक मुळं कुठे आहेत? व्हिएतनामचं युद्ध अजून पेटायचं होतं. बसणाऱ्यांत डॅनियल आणि फिलिप बेरिगन हे पाद्री भाऊ होते. साडेतीन वर्षांनी, मे १९६८ मध्ये, हेच दोघे आणखी सात जणांसह केटन्सव्हिलच्या लष्करभरती कचेरीत शिरले, तिथल्या फायली बाहेर आणून घरी बनवलेल्या नेपाम या ज्वालाग्राही मिश्रणाने पेटवल्या आणि पोलिसांची वाट बघत, प्रार्थना म्हणत उभे राहिले. शांत बसल्याने माणसं थंडावतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या वर्षीच्या सरकारी वकिलाला विचारायला हवं होतं.

१९६४ चीच दुसरी एक गोष्ट मला जास्त कामाची वाटते, कारण तिच्यात मठ नाही. मिसिसिपीत काळ्यांची मतदार नोंदणी करणाऱ्या स्निक या तरुणांच्या संघटनेने १९६४ चा उन्हाळा काढला तो तीन सहकाऱ्यांच्या खुनाने सुरू झालेला, आणि ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात दगाफटक्याने संपलेला. गायक हॅरी बेलाफाँटे याने हे चेहरे पाहिले आणि सप्टेंबरात त्यातल्या अकरा जणांना पश्चिम आफ्रिकेत, गिनीला, विश्रांतीसाठी नेलं. त्यांत फॅनी लू हेमर होत्या. कापसाच्या शेतात राबलेल्या, आदल्या वर्षी विनोनाच्या कोठडीत गुरासारखा मार खाल्लेल्या. या सहलीने संघटना वाचली का? नाही, पुढे दोन-तीन वर्षांत ती भांडणांत विस्कटली. पण परतल्यावर नोव्हेंबरात, मर्टनची माणसं मठात बसली त्याच महिन्यात, स्निकचे सगळे कार्यकर्ते वेव्हलँड या समुद्रकाठच्या गावी काही दिवस काम थांबवून बसले. तिथे एक निनावी टिपण फिरलं. त्यात विचारलं होतं, की संघटनेत इतिवृत्त कायम बायांनीच का लिहायचं, टायपिंग त्यांनीच का करायचं, निर्णयाच्या खोलीत त्या का नसतात? लिहिणाऱ्या केसी हेडन आणि मेरी किंग यांना नाव घालायचा धीर झाला नाही; बऱ्याच जणांनी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या स्त्रीचळवळीच्या इतिहासात त्या टिपणाचा उल्लेख टाळता येत नाही. धावपळीत हा प्रश्न कुणाला सुचला असता? आणि गेथसेमनीच्या मठात तो सुचणं शक्यच नव्हतं, कारण तिथे सगळे पुरुषच होते.

इथे मी माझ्याच बाजूच्या दुसऱ्या एका खोट्यावर येतो. मानसिक बळाच्या गोष्टी करताना आपण तिक न्यात हान या व्हिएतनामी बौद्ध भिक्खूंचं नाव घेतो, त्यांची वाक्यं दिनदर्शिकांवर छापतो. ती वाक्यं जन्मली कुठे? बाँबने उद्ध्वस्त झालेली खेडी पुन्हा पुन्हा उभी करणाऱ्या तरुणांची एक शाळा त्यांनी साठच्या दशकात सायगावमध्ये काढली होती. त्यातले काही तरुण मारले गेले. न्यात हान स्वतः हद्दपार झाले, आणि १९७४ साली फ्रान्समधून त्यांनी शाळेतल्या एका सहकाऱ्याला लांबलचक पत्र लिहिलं: आठवड्यातला एक दिवस आपला ठेवा, श्वासाचं भान सोडू नका, दमून एकमेकांचा द्वेष करू लागू नका, अशा धर्तीचं. आज जगभर कंपन्यांच्या शिबिरांत वाटलं जाणारं ते शिक्षण मुळात युद्धात काम करणाऱ्यांसाठीची कामाची सूचना होती. तिच्यातून काम वजा केलं की उरते ती अगरबत्ती.

आपल्याकडे तर यापेक्षा थेट दाखला आहे. बाप आधीच गेला होता. दुष्काळात थोरली बायको अन्नावाचून गेली, पोर गेलं, दुकान बसलं. देहूचा वाणी भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसला. चरित्रपरंपरा सांगते की पंधरा दिवसांनी धाकटा भाऊ कान्होबा शोधत आला. तिथून खाली उतरल्यावर तुकोबांनी पहिलं काम काय केलं? सावकारीची खतं काढली. निम्मी कान्होबाच्या वाट्याची म्हणून त्याला दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. कीर्तनकार हा प्रसंग वैराग्य म्हणून सांगतात. मला त्यात कर्जमाफी दिसते, आणि भावाच्या हिश्शाचा चोख हिशेबही. पण मला नेहमी आणखी एक प्रश्न पडतो. ते पंधरा दिवस जिजाईने घर कशावर चालवलं?

हा प्रश्न मी आता विचारतो, कारण त्या बैठकीनंतर काय झालं ते मला ठाऊक आहे. रजा मंजूर झाली. ताईंनी जाताना फोन माझ्या हातात दिला आणि दोनशे पानी वही दिली. वहीत नावं नव्हती, 'विहिरीजवळची', 'दोन मुली', 'नवरा ड्रायव्हर' असं होतं. पहिल्याच रात्री पावणेबाराला फोन वाजला. मी "हॅलो" म्हणालो. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, कुणीतरी श्वास घेत होतं. मी पुन्हा "हॅलो, बोला" म्हणालो आणि फोन कट झाला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: त्या बाईला पुरुषाचा आवाज नको होता. आम्ही सात-आठ शहाणी माणसं पाऊण तास बुद्धावर भांडलो आणि इतकी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. सकाळी फोन आमच्या दुसऱ्या सहकारी बाईकडे गेला. कार्यालयात ताईंखेरीज तेवढी एकच. तिचं मूल दीड वर्षाचं. उरलेले दिवस तिने तो फोन उशाशी घेऊन काढले, आणि रात्री फोन वाजला की मूल उठायचं, हे तिने नंतर सांगितलं, तेही विचारल्यावर.

ताई परत आल्या त्या काही तेजःपुंज वगैरे होऊन नाही. गुडघे धरले होते. जेवण चांगलं होतं, म्हणाल्या; सहाव्या दिवशी खूप रडले, म्हणाल्या; यापलीकडे काही सांगितलं नाही. पण पुढच्या बैठकीत त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: संस्थेचं वेगळं सिमकार्ड, रात्रीच्या फोनची पाळी, आणि तिमाही अहवाल लिहिण्यातून आपली सुटका. शांत होऊन येतील अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांना त्या जास्त हट्टी वाटल्या. मला वाटतं, अठरा वर्षं सगळं काम एका बाईच्या झोपेवर उभं आहे, हे दिसायला तिला बारा दिवस तिथून उठावं लागलं. आणि आम्हाला दिसायला तो कट झालेला फोन लागला.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. खचलेपण आणि आजार यांत फरक आहे, आणि मौनाचं शिबिर आजाराचा इलाज नाही. ज्याला जगणंच नकोसं झालंय त्याला दहा दिवस गप्प बसवू नये. डॉक्टरकडे न्यावं आणि सोबत राहावं. शिबिरांचे अर्जही मानसिक आजारांबद्दल विचारतात, ते उगाच नाही. पंढरपूरचं मंदिर खुलं व्हावं म्हणून १९४७ साली दहा दिवस उपाशी राहिलेल्या साने गुरुजींनी तीन वर्षांनी, ११ जून १९५० ला, आपलं आयुष्य संपवलं. त्याचं कारण एका वाक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण इतकं प्रेम करणाऱ्या माणसाला आपण गौरवाशिवाय दुसरं काय देऊ केलं होतं, हा प्रश्न प्रत्येक पुण्यतिथीला फुलांखाली जातो. 'झोकून दिलं', 'वाहून घेतलं', 'संसारावर तुळशीपत्र ठेवलं'. आपली कौतुकाची भाषाच बघा, सगळी क्रियापदं माणूस संपवणारी.

आणि आता त्या ज्येष्ठांचा प्रश्न. सावित्रीबाईंनी रजा घेतली होती का?

हो, घेतली होती. ऑक्टोबर १८५६ मध्ये त्या नायगावला माहेरी होत्या, मोठ्या दुखण्यातून उठत होत्या. तिथून १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र छापील उपलब्ध आहे, ते कुणीही वाचावं. भावाने मनापासून शुश्रूषा केली, पण त्याच भावाने ऐकवलंही, की तुम्ही दोघं वाळीत पडलात, भटांचं ऐका, जातीची रीत पाळा. त्यावर अंथरुणातून नुकत्या उठलेल्या बाईने त्याला सुनावलं, की नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस आणि महार-मांगांना मात्र माणसासारखी माणसं असून दूर ठेवतोस. आराम करायला गेलेल्या ठिकाणी लढाई चुकली नाही. फक्त आसपास आईची ऊब होती. बाईला दम खायला आपल्या समाजाने हक्काची अशी एकच जागा दिली, माहेरपणाची. आणि आज चळवळीत काम करणाऱ्या कितीतरी बायांना, जातीबाहेर लग्न केलं म्हणून किंवा कुणाच्या तरी नवऱ्याला कोर्टात खेचलं म्हणून, तेही दार बंद आहे. त्यांनी कुठे जायचं?

पण त्या पत्रातली जी ओळ मी त्या बैठकीत वाचून दाखवायला हवी होती आणि तेव्हा सुचली नाही, ती वेगळी आहे. प्रकृतीचं सांगून झाल्यावर, लवकरच पुण्याला येईन म्हटल्यावर, सावित्रीबाई लिहितात की फातिमाला, म्हणजे त्यांच्या शाळेतल्या सहकारी शिक्षिकेला, त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. त्या आजारी होत्या, कामापासून लांब होत्या, आणि आपला वर्ग कुणाच्या अंगावर पडलाय हे त्यांना नावानिशी ठाऊक होतं. ती बोलणार नाही, हेही ठाऊक होतं.

रात्रीच्या फोनच्या पाळीचा कागद आता कार्यालयात कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. त्याच्याखाली रजेचा तक्ता आहे. पुढची बारा दिवसांची रजा दीड वर्षाच्या मुलाच्या आईची. मूल आता दोनाचं होईल. कुठे जाणार विचारलं तर म्हणाली, "ध्यानबिन नाही, बहिणीकडे जाऊन नुसती झोपणार आहे." मूल सोबत नेलं तर झोप होणार नाही, आणि ठेवायचं तर कुणाकडे हे ठरलेलं नाही. येत्या बैठकीत हा विषय आयत्या वेळच्या विषयांत ठेवायचा नाही, असं मी ठरवलं आहे. अजेंड्यावर तो पहिला लिहिला आहे, चहाच्या आधी.